पहिले चार आटे हातानं

"निवास, ती गन खाली ठेव आधी," दस्तगीरभाई म्हणाले.

मी ठेवली नाही. जीपचं चाक चढवत होतो, नट भराभर आवळायचे होते, आणि हवेवर चालणारी ती गन घेऊन मला जेमतेम दोन महिने झाले होते. नवं खेळणं हातात आल्यावर खाली कोण ठेवतंय? घर्रर्र करून दुसरा नट मारला. तेवढ्यात त्यांनी मागून येऊन हवेचा पाइपच उपसला.

"पहिले चार आटे हातानं," ते म्हणाले. "नट सरळ चाललाय का वाकडा, हे बोटांना कळतं. गनला कळत नाही. तिला नुसता जोर कळतो. तुझ्यासारखं."

शेडमध्ये यशोधन मगदूम आणि त्याचे तीन दोस्त उभे होते. चौघंही खदाखदा हसले. त्यातला एक म्हणाला, "गनवाले मिस्त्री!" आणि ते नाव मला चिकटलं ते चिकटलंच. मीही हसलो. यानं हसण्यावारी नेलं असं सगळ्यांना वाटलं असणार. पण मी असल्या गोष्टी मनात धरून बसणारा माणूस आहे. तेव्हाही होतो, आजही आहे, बायकोला विचारा.

हे दोन हजार आठच्या एप्रिलमधलं. कोल्हापुरात उद्यमनगरात माझं गॅरेज नुकतंच कुठं चालायला लागलं होतं. माझ्या शेडपासून दोनशे पावलांवर दस्तगीर मुल्लाणींचं लेथचं दुकान. माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठे, सडपातळ, बोलणं कमी, आणि बोलले की टोचणारं. पण काम असं की फौंड्रीवाले मोठमोठे शेठ त्यांच्या दारात स्टूल टाकून बसायचे. दस्तगीरचा पीस परत येत नाही, असं अख्खं उद्यमनगर म्हणायचं. टर्नर माणसाचं दुसरं भांडवल असतं तरी काय? लेथ काय, कुणीही घेतं.

यशोधन जयसिंगपूरचा. वय सव्वीस, घरचा पंपांचा कारखाना, आणि डोक्यात गाड्या. मुंबईच्या कुणाकडून त्यानं एक जुनी जपानी गाडी आणली होती, चारही चाकांना जोर असणारी. ती त्याला आमच्याकडून मागच्या दोन चाकांवर चालणारी करून पाहिजे होती.

"कशाला?" दस्तगीरभाईंनी विचारलं. "चारांचा जोर चांगला की. चिखलात अडकत नाही."

"मला घसरवायचीय भाई," यशोधन म्हणाला. "वळणावर मागची बाजू सोडून द्यायची, गाडी आडवी न्यायची. ड्रिफ्टिंग म्हणतात. पुढची चाकं ओढत राहिली की ती घसरतच नाही, सरळ होते."

"मुद्दाम घसरवायची?"

"मुद्दाम."

"आणि ते बघायला लोक येणार?"

"पाच-सातशे तरी येतील. मे महिन्यात, साखर कारखान्याच्या अड्ड्यावर. सीझन संपला की ती जागा मोकळीच असते."

दस्तगीरभाईंनी माझ्याकडं बघितलं. मी म्हणालो, "त्यात काय एवढं? पुढचे दोन शाफ्ट काढून फेकून द्यायचे. झालं काम."

"झालं काम," ते म्हणाले. "आणि पुढचं चाक कशावर राहणार?"

मग त्यांनी गाडीखाली वाकून आम्हाला दाखवलं. पुढच्या चाकाच्या पोटात बेअरिंग असतं, ते दोन भागांचं. शाफ्टचं शेपूट त्यातून आरपार जातं आणि बाहेरून नट आवळला की दोन्ही भाग एकमेकांना घट्ट धरतात. सगळा शाफ्टच काढला, तर जात्याच्या मधली खुंटी काढल्यासारखं होईल. वरचा दगड फिरेल, पण कुठवर फिरेल ते सांगता येणार नाही. म्हणून शाफ्ट कापायचा, त्याचं बाहेरचं शेपूट तेवढं ठेवायचं, आतली बाजू लेथवर साफ करायची आणि ते पुन्हा जागेवर बसवून नट आवळायचा. शिवाय पुढं-मागं जोर वाटणारा मधला डिफरन्शियल वेल्ड करून बंद करायचा, नाहीतर सगळा जोर पुढच्या मोकळ्या बाजूलाच पळून जाईल.

"असलं काम मी कधी केलं नाही," ते शेवटी म्हणाले. "उद्या काही झालं तर नाव माझं जाईल."

"जोखीम माझी, भाई," यशोधन म्हणाला.

"गाडी तुझी, जोखीम तुझी. पीस माझा असतो रे." त्यांनी फडक्याला हात पुसले. मग माझ्याकडं बोट करून म्हणाले, "चढवणार हा असेल तर करतो. चार शिव्या खाईल, पण सांगितलेलं ऐकतो."

त्यांचं हे वाक्य मी कधी कुणाला सांगितलेलं नाही.

पुढचे तीन आठवडे ते काम चाललं. दस्तगीरभाईंनी दोन्ही शेपटं असली सुरेख करून दिली की देवघरात ठेवावीत. डिफरन्शियल वेल्ड केला, तोही त्यांच्याच नजरेखाली. शनिवारी दुपारी पीस चढवायचे आणि रविवारी सकाळी कार्यक्रम, असं ठरलं. पीस माझ्या हातात देताना त्यांनी दोन्ही नट बोटांनी वरून खालपर्यंत फिरवून दाखवले. नट पाण्यासारखे जात होते. "असं जायला पाहिजे," म्हणाले. "अडलं तर मागं ये. पुढं रेटू नको."

डावी बाजू मी बसवली. पहिले चार आटे हातानं, मग पाना. फर्स्ट क्लास.

उजव्या बाजूला आलो तेव्हा यशोधन आणि त्याचे दोस्त थंड्याची बाटली फिरवत माझ्या डोक्यावर उभे. नट लावायला हात घातला तसा एक जण म्हणाला, "काय गनवाले, आज गनला सुट्टी का? मालकांनी परवानगी दिली नाही वाटतं."

"मालक कोण?" मी म्हणालो.

"पलीकडचे. लेथवाले."

काय सांगू तुम्हाला. एवढंच झालं. नट टेकवला, गन उचलली आणि दाबली. एका क्षणात आवाज बदलला. घर्रर्र म्हणणारी गन चिरकली आणि मग एकदम मोकळी फिरायला लागली. बाकीच्यांना काही कळलं नाही. मला कळलं. नट वाकडा चढला होता आणि आटे झडले होते.

"झालं?" यशोधननं विचारलं.

"झालं," मी म्हणालो. "जावा, चहा घेऊन या. तोवर चाक चढवतो."

ते गेल्यावर पीस बाहेर काढला. आट्यांचा पार चुरा. नटातही चुरा भरलेला. शेडच्या दारातून दस्तगीरभाईंच्या लेथचा आवाज येत होता. दोनशे पावलं. गेलो असतो तर त्यांनी काय केलं असतं? शिव्या घातल्या असत्या. बहुतेक त्या पोरांसमोरच घातल्या असत्या. आणि मग पीस हातात घेऊन दुसऱ्या मापाचे आटे पाडले असते, त्याला नवा नट केला असता, आणि संध्याकाळच्या आत माझ्याकडं पाठवून दिला असता. हे मला तेव्हाही माहीत होतं. मला ठाऊक नव्हतं असं मी म्हणणार नाही.

मी गेलो नाही. भंगारात उसाच्या ट्रॉलीचा एक लांब बोल्ट पडला होता, तो घेतला. दोन्हीकडून जाड वायसर लावले आणि शेपटाच्या जागी तो आरपार घालून आवळला. बोल्ट कसल्या लोखंडाचा, कुणाला ठाऊक. चाक चढवलं, गाडी उद्यमनगरातून दोन फेऱ्या फिरवून आणली. कुठं आवाज नाही, कुठं थरथर नाही. धरलं, म्हटलं. एका दिवसाचा तर प्रश्न.

संध्याकाळी दस्तगीरभाई स्वतः आले. गाडी चाकांवर उभी होती.

"अडला नाही ना कुठं?"

"नाही," मी म्हणालो.

"दोन्ही?"

"दोन्ही."

रविवारी सकाळी आठला आम्ही कारखान्यावर. सीझनमध्ये जिथं उसाचे ट्रक आणि बैलगाड्या रांगा लावून उभ्या असतात ती कॉंक्रीटची मोठी जागा रिकामी झाडून ठेवलेली. एका बाजूला वजनकाट्याचा कट्टा, दुसऱ्या बाजूला मळीच्या पाण्याचा भला मोठा खड्डा. मळीचा वास तर तुम्हाला माहीतच असेल, दोन दिवस कपड्यांतून जात नाही. तरी लोक चांगले जमले होते. दस्तगीरभाई इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आले होते, आणि सोबत शमीमभाभींना घेऊन आले होते. भाभी त्यांचं काम बघायला पहिल्यांदाच बाहेर पडल्या होत्या.

"एरवी काय ते लोखंड करतात नि पाठवून देतात," भाभी मला म्हणाल्या. "ते कुठं जातं, काय करतं, मला कधी दिसलंच नाही. आज म्हटलं बघू तरी."

यशोधननं गाडी सोडली. पहिल्या वळणावर मागची बाजू अशी हळूच सुटली, आणि गाडी आडवी होऊन धुराचा लोट उडवत अख्खं वळण फिरून आली. पब्लिक वेडं झालं. भाभी तोंडाला पदर लावून हसत होत्या. "ह्याला काम म्हणतात होय?" त्या म्हणाल्या. दस्तगीरभाई हसत नव्हते. ते पुढच्या चाकांकडं बघत होते, आणि ओठ हलवून काहीतरी मोजत होते.

दुसरी फेरीही तशीच झाली. धरतोय बोल्ट, मी मनाशी म्हटलं. तिसऱ्या फेरीत गाडी डावीकडं वळली, सगळा भार उजव्या पुढच्या चाकावर आला आणि ते चाक निघालं. एकदम निघालं, खाली बसलं वगैरे काही नाही. चाक एकीकडं पळालं, गाडीचं नाक कॉंक्रीटवर घासत सरळ काट्याच्या कट्ट्यावर जाऊन आदळलं. उजव्याच बाजूनं, जिथं यशोधनचे पाय होते.

सगळी माणसं यशोधनकडं धावली. दस्तगीरभाई सगळ्यांत पुढं.

मी चाकाकडं धावलो.

चाक खड्ड्याच्या कडेला जाऊन पडलं होतं. त्याच्या मधोमध बोल्टाचं तुटलेलं डोकं अजून अडकलेलं, आणि तो जाड वायसर. मी दोन्ही ओढून काढले आणि खिशात घातले. बोल्ट तापलेला होता, मांडीला चटका बसला. तिकडं यशोधन ओरडत होता, ते ऐकू येत होतं. मी दोन मिनिटं तिथंच पाठमोरा बसून राहिलो.

त्याला जीपमध्ये घालून मिरजेला नेलं. मग दस्तगीरभाई माझ्याकडं आले. इस्त्रीच्या शर्टावर रक्त होतं.

"निवास, माझा पीस कुठाय?"

मी मळीच्या खड्ड्याकडं बोट केलं. "तिकडं उडाला."

"मोडला?"

"मोडला असणार."

ते खड्ड्याकडं बघत उभे राहिले. भाभी लांब एकट्याच उभ्या होत्या.

गाडी संध्याकाळी माझ्याच गॅरेजात आणली. आत राहिलेला बोल्टाचा दुसरा तुकडा मी त्याच दिवशी काढला. आटे झडलेला पीसही तिथंच पोत्याखाली होता. मंगळवारी हे सगळं एका फौंड्रीच्या भंगारात टाकलं, आणि ते भट्टीत जाईपर्यंत तिथं उभा राहिलो.

पण मधला सोमवार राहिलाच सांगायचा. सोमवारी सकाळी दस्तगीरभाई एका मंडळाच्या मोठ्या स्पीकरमधला चुंबक घेऊन माझ्या दारात आले. त्याला जाड दोराचा सोल बांधलेला.

"चल," म्हणाले. "कुठं मोडला ते बघितल्याशिवाय मला कळणार नाही. एकटा ओढू शकत नाही मी."

आणि मी गेलो. दिवसभर आम्ही तो चुंबक मळीच्या काळ्या पाण्यात टाकत होतो आणि ओढत होतो. ते टाकायचे, मी सोल धरायचा. खिळे आले, साखळीचे तुकडे आले, एकदा अख्खा विळा आला. प्रत्येक वेळी काही वजनदार लागलं की त्यांचा चेहरा उजळायचा, आणि हाताला काळं लावून ते चाचपून बघायचे. मंगळवारीही सकाळी तेच. भट्टीकडं मी दुपारी गेलो, तिथनं येऊन अंघोळ करून.

"कापताना तापला असेल," मंगळवारी सोल गुंडाळता गुंडाळता ते म्हणाले. "ताप जास्त बसला की लोखंडाचा कडकपणा जातो. मी पाणी कमी सोडलं असेल. तुला काय वाटतं?"

"असेल," मी म्हणालो.

एवढा एकच शब्द. पण त्यांनी तो ऐकला आणि मान हलवली.

प्रकरण पोलिसात गेलं नाही. यशोधनच्या वडिलांनीच ते वाढवलं नाही. दवाखान्यात दस्तगीरभाईंनी त्यांच्यापुढं हात जोडले आणि म्हणाले, "चूक माझी आहे." मी मोसंबीची पिशवी धरून शेजारीच उभा होतो. यशोधनचा पाय वाचला, पण गुडघ्यातून पुन्हा वाकला नाही. आणि उद्यमनगराला बोलायला विषय मिळाला. दस्तगीरचा पीस मोडला म्हणे, पोरगं जन्माचं अधू झालं. फौंड्रीवाल्यांचे स्टूल हळूहळू दुसऱ्या दारांत गेले. पण खरं सांगू का, कामं अगदीच थांबली नव्हती. काही जुनी गिऱ्हाइकं येत होती. दस्तगीरभाईच त्यांना परत पाठवायला लागले. माप घेताना म्हणे हात थांबायचा. दिवाळीच्या आधी त्यांनी लेथ विकला आणि भाभींच्या माहेरी कुरुंदवाडला गेले. लेथ ट्रकात चढवताना सोल धरायला मी होतोच.

मला कुणी काही विचारलं नाही. धंदा वाढला, दुसरी शेड झाली. मी मनाशी म्हणायचो, त्यांना तसंही कंटाळा आला असेल, वय झालं, भाभींना माहेर जवळ पाहिजे होतं. माणूस स्वतःला काय वाटेल ते पटवू शकतो.

सोळा वर्षं गेली. गेल्या वर्षी मार्चमध्ये यशोधन गाडीचा एसी दाखवायला आला. आता तो चाळिशी ओलांडलेला, पोट सुटलेलं, काठी घेऊन चालणारा. त्याची गाडी डाव्या पायानं चालवता येईल अशी मीच करून दिली होती, तीही फुकट. लोक म्हणायचे, निवासचं मन मोठं आहे.

"एक काम कर माझं," तो म्हणाला. "दस्तगीरभाईंना समजाव रे. तुझं ऐकतील."

"काय झालं?"

"दर ईदला फोन करतात. दोन्ही ईदला. सोळा वर्षं. माझ्या हातनं तुझा पाय गेला, माफ कर म्हणतात. मी कितीदा सांगितलं, भाई, मला काही वाटत नाही, मीच हौस केली होती. ते रडतात. मला आता ईद जवळ आली की फोनची भीती वाटते. म्हातारा माणूस आहे, बस्स झालं म्हणावं."

मी काहीतरी हो-हो केलं. एसी बघितला. तो गेल्यावर हात धुतले आणि तिथंच पाटावर बसलो. सोळा वर्षं मी समजत होतो की मी त्यांचं नाव घालवलं. नाव गेलं तर माणूस निदान मनात म्हणू शकतो, की लोक खोटं बोलतात. त्यांनी तेवढंही म्हटलं नव्हतं. त्यांना खरंच वाटत होतं, की चूक आपलीच.

दुसऱ्या दिवशी दुपारी कुरुंदवाडला गेलो. बाजाराच्या मागं त्यांचं अंड्यांचं दुकान, वर राहायचं घर. दस्तगीरभाई ट्रे रचत होते. केस पार पांढरे, पाठ वाकलेली. मला बघून इतके खूश झाले की मला परत फिरावंसं वाटलं.

"निवास! ये, ये. शमीम, बघ कोण आलंय."

भाभी आतून आल्या, बादली खाली ठेवून दारात उभ्या राहिल्या. 

"अंडी कशी काय सुचली?" मी विचारलं. कुठून तरी सुरुवात पाहिजे होती.

"बरं असतं," ते म्हणाले. "इथं काही फुटलं तर माझंच फुटतं. दुसऱ्याचं काही मोडत नाही." मग म्हणाले, "तुझी मला लई आठवण येते. सगळे बोलले, पण तू कधी माझ्याबद्दल वाईट बोलला नाहीस. मला कळत होतं ते."

आता नाही तर कधीच नाही, असं वाटलं. मी म्हणालो, "भाई, उजव्या चाकात तुमचा पीस नव्हताच."

"कुठल्या उजव्या?"

"यशोधनच्या गाडीच्या. मी बोल्ट घातला होता."

त्यांच्या हातात अंड्यांचा ट्रे होता, तो त्यांनी नीट खाली ठेवला. "केवढा?"

"पाच सुती. ट्रॉलीचा. दोन्हीकडं वायसर."

"आणि पीस?"

"त्याचे आटे मी घालवले. गननं. शनिवारी दुपारी. पीस नंतर भट्टीत टाकला. खड्ड्यात काहीच नव्हतं, भाई. आपण दोन दिवस उगाच ओढत होतो. मला माहीत होतं."

ते ट्रेमागून पुढं आले. मी मार खायची तयारी करून आलो होतो. येताना गाडीत मी तेच म्हणत होतो, की मारलं तर बरं होईल.

"म्हणजे पीस मोडला नाही," ते म्हणाले.

"बसवलाच नव्हता. मोडेल कसा?"

"तापला नव्हता?"

"नाही. डावा नंतर काढून बघितला होता ना आपण. तसाच होता तोही."

"पाणी मी बरोबर सोडलं होतं," ते स्वतःशीच म्हणाले. आणि मग ते हसायला लागले. दात नसलेल्या तोंडानं, अगदी मोकळं. "शमीम, ऐकलंस का? पीस मोडलाच नव्हता. यानं बसवलाच नव्हता. मी म्हणत नव्हतो तुला, की तो असा मोडायचा नाही? पहिल्या वर्षी म्हणत होतो की नाही?" त्यांनी दोन्ही हातांनी माझे खांदे धरून हलवले. "पाच वेळा नमाजात त्या पोराची माफी मागतोय मी. अल्लालाही वैताग आला असेल. थांब, यशोधनला फोन लावू. त्याला कळू दे. शमीम, चहा टाक याला." आणि फोन आणायला ते जिना चढून वर गेले, जवळजवळ पळत.

भाभी हलल्या नाहीत.

"निवासभाऊ," त्या म्हणाल्या, "त्या वेळी तुमच्या घरी काही होतं का? कुणी आजारी, काही संकट?"

"नाही भाभी."

"कुणी धमकावलं होतं?"

"नाही."

"मग त्या दुपारी यांच्याकडं का आला नाहीत? दोनशे पावलं होती."

मी खरं सांगितलं. म्हणालो, "पोरं चिडवत होती. भाईंनी त्यांच्यासमोर अजून बोल लावले असते. लाज वाटली."

"एवढंच?"

"एवढंच."

त्यांनी वर जिन्याकडं बघितलं. वर दस्तगीरभाई कपाट उघडत होते, चष्मा कुठाय म्हणून स्वतःशीच बडबडत होते.

"त्यांनी अजून विचारलं नाही," भाभी खालच्या आवाजात म्हणाल्या. "आनंदात आहेत. विचारतील. तेव्हा हे सांगू नका. काहीतरी मोठं सांगा. आई आजारी होती म्हणा, डोकं ठिकाणावर नव्हतं म्हणा. एवढ्याशा गोष्टीपायी सगळं गेलं, हे त्यांना सोसायचं नाही. माझ्यासाठी नका करू. त्यांच्यासाठी करा."

मी मान हलवली. त्यांनी बादली उचलली आणि आत गेल्या. चहा टाकला नाही.

दस्तगीरभाई फोन घेऊन खाली आले. नंबर लावता लावता थांबले आणि चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं. राग नव्हता त्या नजरेत, खरोखर कोडं पडल्यासारखे बघत होते.

"पण निवास, तू असं का केलंस रे?"

"आई आजारी होती, भाई," मी म्हणालो. "गावाकडं. शनिवारी निरोप आला होता. डोकं ठिकाणावर नव्हतं."

माझी आई त्या वर्षी ठणठणीत होती. कुस्त्यांच्या फडात जाऊन बसायची.

"अरे, अरे," दस्तगीरभाई म्हणाले आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. "मग तेव्हाच बोलायचं नाहीस का? मी आलो असतो रे."

पलीकडं यशोधननं फोन उचलला. त्यांनी माझ्या पाठीवरचा हात काढला नाही. दुसऱ्या हातानं फोन कानाला लावून ते सांगायला लागले, "यशोधन, बाळ, दस्तगीर बोलतोय. आता निवास तुला एक गोष्ट सांगेल. त्याच्यावर रागावू नको. बिचाऱ्याची आई आजारी होती."

आणि फोन त्यांनी माझ्या हातात दिला.